टेबलाच्या कडेची आठ बोटं

आमच्या कामाच्या वहीत पाच रकाने आहेत. वस्तू कोणती, कुणाची, धुतली का, रंगाचे हात किती, आणि शेवटचा तक्रारीचा. पहिले चार मी भरते. पाचवा अकरा वर्षं कोरा आहे. वन्संना, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहिणीला, त्या कोऱ्या रकान्याचा इतका अभिमान, की आल्यागेल्याला त्या चहाच्या आधी वही दाखवतात. कधी कधी चहा राहूनच जातो.

दुकान त्यांचं. एक लांबट खोली. पूर्वी तिथे छत्र्या दुरुस्त व्हायच्या. छत्र्या टांगायचे आकडे अजून भिंतीत आहेत, त्यांवर आम्ही ब्रश वाळत घालतो. लोक जुनी कपाटं, खुर्च्या, पेट्या घेऊन येतात. वन्सं त्यांना रंग देतात आणि मग त्या रंगावर काहीतरी करतात. ते काहीतरी कशाने करतात हे पाहिलं की गिऱ्हाईक हमखास नाक मुरडतं. भांडी घासायचा स्पंज, फाटका जाळीचा पडदा, पुठ्ठा कापून केलेली फणी, बागेतली पानं. एकदा तर एका वकीलसाहेबांनी त्यांना भेंडी आडवी कापून रंगात बुडवताना पाहिलं आणि कपाट परत न्यायला निघाले. संध्याकाळी कपाटाच्या दारावर दोनशे चौदा पांढरी फुलं उठली. वकीलसाहेबांनी नंतर आपल्या चार भावांची कपाटं आणली. हे आकडे मी मनाचे सांगत नाही, वहीत आहेत.

वन्संची कामाची एक पद्धत आहे. वस्तू आत आली की त्या मालकाला सांगतात, "वापरून दाखवा." माणूस बावचळतो. मग रिकाम्या कपाटातून नसलेला शर्ट काढतो, खुर्चीत बसून नसलेला पेपर वाचतो. त्याचे हात, कोपर, गुडघे जिथे जिथे टेकतात तिथे वन्सं खडूने खूण करतात. वस्तू जुनी दिसायला हवी असेल तर त्या खुणांवर पांढरी मेणबत्ती घासायची. मेणावर रंग धरत नाही. वरचा हात वाळल्यावर पॉलिशपेपर हलकाच फिरवला की खालचा रंग डोकावतो, आणि जिथे तो माणसाच्या हाताने खरोखर झिजला असता नेमका तिथेच डोकावतो. आणि वस्तू नवी दिसायला हवी असेल, तर त्याच खुणांवर रंगाचा एक हात जास्त.

घड्याळवाले आपल्या बायकोचं आरशाचं टेबल घेऊन आले तो सोमवार होता. समोरच्या गल्लीत त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. हातगाडीवर टेबल होतं आणि ते बाजूने चालत होते, आरशाच्या चौकटीवर हात ठेवून. तापाने फणफणलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा.

"राहतं घर सोडतोय," ते म्हणाले. "महिनाअखेरीला. दुकानामागच्या खोलीत जातो. तिथे मी मावतो, टेबल मावत नाही."

"मग विकायचंय?" वन्संनी विचारलं.

"नाही. लेक घेतेय." ते जरा थांबले. "घेईन म्हणालीय. नवं वाटलं तर."

हा 'तर' त्यांनी इतक्या हळू म्हटला की वन्संनी हातातला ब्रश खाली ठेवला.

मग बाकीचं कळलं. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. शेवटच्या आजारपणात तिचे केस गळायला लागले. लेक रोज कामावर जाण्याआधी यायची, आईला याच टेबलापुढे बसवायची आणि उरलेले केस विंचरून द्यायची. तेव्हापासून त्या आरशात तिला दुसरं काही दिसेना. "बाबा, मला कंगव्यात आलेले केसच दिसतात," असं ती म्हणाली होती. टेबल टाकून द्यायचं म्हटल्यावर बापाचा चेहरा तिला बघवला नाही, म्हणून हो म्हणाली. अट मात्र घातली. रंग दुसरा, खणांच्या मुठी दुसऱ्या, आईची एकही खूण नको. ओळखू आलं तर घेणार नाही.

"आणि नाही घेतलं तर?" मी विचारलं.

"भंगारवाला बघून गेलाय. आरसा तेवढा काढून घेतो म्हणाला."

वन्संनी खडू घेतला. "वापरून दाखवा."

"मी कधी वापरलं नाही, ताई."

"मग त्या कशा वापरायच्या ते दाखवा."

घड्याळवाले पासष्टीचे, देह भरलेला, बोटं इतकी जाड की याच बोटांनी हा माणूस तिळाएवढे स्क्रू उचलतो यावर विश्वास बसू नये. ते त्या बुटक्या स्टुलावर बसले. मान डावीकडे कलती केली. टक्कल पडलेल्या डोक्यावरून नसलेले केस उजव्या खांद्यावर घेतले आणि डाव्या हाताने विंचरू लागले. "डावखुरी होती," ते आरशात बघत म्हणाले. मग उजव्या खणातून नसलेली पिन काढली, ओठांत धरली आणि खण गुडघ्याने ढकलून बंद केला. तो गुडघा अगदी बायकी होता. मला हसू येणार असं वाटलं होतं, ते काही आलं नाही. वन्संनी खणाच्या फळीवर गुडघ्याचीही खूण केली.

टेबल उलटं केलं तेव्हा चारही पायांखाली रबराचे तुकडे चिकटवलेले दिसले.

"गरम पाण्याची पिशवी कापून लावलीत मी," घड्याळवाले म्हणाले. "आमची फरशी उतरती होती. सकाळी बघावं तर टेबल दोन बोटं पुढे सरकलेलं. रोज मागे ढकलायचं, रोज पुढे. मी पाण्याची नळी लावून फरशी तपासली. नळीच्या दोन्ही टोकांना पाणी सारखंच दिसायचं. पण फरशीतच काहीतरी होतं."

"रबरांनी थांबलं?"

"थांबलं की. म्हणजे लगेच नाही. चार-पाच वर्षांत थांबलं."

ते गेल्यावर वन्सं म्हणाल्या, "घड्याळं अचूक लावणारा माणूस. फरशी सरळ दिसली तरी दोष फरशीलाच." त्यांनी रबरं काढून खिळ्यांच्या डब्यात टाकली.

आता माझा कबुलीजबाब. धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने वस्तू स्वच्छ पुसणं हे माझं काम. वर्षानुवर्षांचं तेल, घाम, मळ निघाला नाही तर वरचा रंग धरत नाही. पण मला एक खोड आहे. 'धुतली' या रकान्यात मी बरोबरची खूण आधी करते आणि धुते मागून. खूण केली की कामाला हुरूप येतो. त्या दिवशी खूण केली, टेबलाची वरची फळी, खण, पाय, पाठ, सगळं पुसलं. पुढच्या कडेखाली बोटं जातील एवढी एक खाच होती. तिथे फडकं फिरवायला खाली वाकायला हवं होतं. माझ्या कमरेत उसण भरली होती. म्हटलं, खाली कोण बघतंय. वहीत तर खूण झालेलीच होती.

टेबल पूर्वी दुधी रंगाचं होतं. लेकीने पाठवलेल्या कागदाच्या तुकड्यावरून वन्संनी राखी निळा कालवला. अस्तराचा एक हात, निळ्याचे दोन, खडूच्या खुणांवर तिसरा. खणांवर जाळीचा पडदा ताणून बसवला आणि कोरड्या स्पंजने पांढरा रंग टिपला. पडदा उचलला तर खणांवर लेस विणल्यासारखी नक्षी. मग वरच्या फळीच्या कडेने एक बारीक पांढरी रेघ ओढायची होती. वन्सं रेघेसाठी हातावर भरवसा ठेवत नाहीत. त्यांनी चिकटपट्टी लावली आणि कडेवरून खाली वळवून खाचेत नीट दाबून बसवली.

या सगळ्या दिवसांत घड्याळवाले रोज संध्याकाळी आमच्याकडे येत होते. आमचं भिंतीवरचं घड्याळ बघायला. "मागे पडतंय का?" असं विचारायचे, स्टुलावर चढायचे, आपल्या मनगटावरचं बघायचे आणि उतरायचे. घड्याळ एकदाही मागे पडलेलं नव्हतं. सोमवार ते गुरुवार, चार फेऱ्या. उतरताना प्रत्येक वेळी टेबलाकडे न बघितल्यासारखं बघायचे.

शुक्रवारी दुपारी वन्संनी चिकटपट्टी सोडवली. वरची रेघ सुरेख उठली. पण पट्टी खाचेतून ओढली तेव्हा तिच्याबरोबर रंग निघाला. अस्तरासकट. चार लांबट ठिपके इकडे, चार तिकडे. खाली तो जुना दुधी रंग, आणि त्यावर पिवळट तेलकट डाग.

वन्संनी पट्टी उजेडात धरली. निळ्या सालींचे आठ तुकडे तिला चिकटलेले होते. वन्सं बोलत नाहीत तेव्हा दुकानात बसवत नाही.

"लाकडातच असेल काहीतरी," मी म्हटलं. घड्याळवाल्यांची फरशी आणि माझं लाकूड, दोन्ही एकाच जातीची.

"असेल," वन्सं म्हणाल्या.

त्या स्पिरिटची बाटली शोधायला मागे गेल्या. मी तोवर गुडघ्यांवर बसून, उसण विसरून, ठिपके बघितले. माझी सवय, दिसलं की मोजायचं. माझी करंगळी एकेका ठिपक्यावर पूर्ण बसली, वर जागा उरली नाही. इकडच्या चार आणि तिकडच्या चार यांमधलं अंतर एक वीत आणि चार बोटं. असं दोन हातांनी कडेला धरून, एवढ्याशा अंतरात, कुणी मोठी बाई बसत नाही. आणि स्टुलावर बसलेल्या बाईला टेबल धरायचं कारणही नाही. मला काय ते कळलं. वन्संना सांगायला उठते तोच दारात घड्याळवाले. पाचवी फेरी.

ते घड्याळाकडे गेलेच नाहीत. सरळ टेबलापाशी आले, वाकले, खिशातलं भिंग काढून डोळ्याला लावलं. बराच वेळ तसेच राहिले.

"हिची बोटं," ते म्हणाले.

मी करंगळी मुठीत लपवली.

त्यांनी आपली बोटं त्या ठिपक्यांवर ठेवून पाहिली. एका बोटाखाली दोन ठिपके झाकले गेले. "बारीकच होती तिची," ते म्हणाले. "शेवटी शेवटी तर फारच." भिंग काढून त्यांनी रुमाल न शोधता शर्टाच्या बाहीला पुसलं. ओलं झालं होतं.

वन्सं बाटली घेऊन मागून आल्या होत्या. "अर्ध्या तासाचं काम आहे," त्या म्हणाल्या. "साफ करून पुन्हा हात देते. काही दिसणार नाही. ठेवायचं असेल तर तसं सांगा."

"नाही नाही. लेकीने सांगितलंय, खूण नको. पुसा." ते दारापर्यंत गेले, परत आले. "उद्या पुसा."

ते गेल्यावर मी वन्संना वीत दाखवली, करंगळी दाखवली. त्यांनी खाली बसून स्वतः मोजलं. माझ्या मोजणीवर त्यांचा विश्वास असतो, पण मोजून घेतल्यावर जास्त.

"त्यांना का नाही सांगितलंस?"

"कसं सांगू? माणूस दोन वर्षांनी बायकोचा हात धरून बसला होता."

वन्संनी बाटलीचं बूच लावलं. "उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडून स्पंज भिजवतो न भिजवतो तोच लेक आली. दातांच्या दवाखान्यात कामाला होती, जाता जाता उतरलेली. उंच, घाईत, खांद्याला पर्स, हातात मोजपट्टी. नव्या घरात कपाट आणि खिडकीच्या मधे टेबल बसतं का ते बघायचं होतं. तिच्यामागून घड्याळवाले धापा टाकत आले. त्यांना ती दुकानावरून जाताना दिसली असावी.

तिने टेबलाभोवती एक चक्कर मारली. खणांवरच्या नक्षीवरून बोट फिरवलं. "छान झालंय," ती म्हणाली, आणि खरंच तसं वाटत होतं म्हणून म्हणाली. "ओळखू येत नाही."

घड्याळवाल्यांनी एवढ्यावर गप्प बसायला हवं होतं. पण ज्या माणसाने जन्मभर एका सेकंदाचाही खोटेपणा चालवून घेतला नाही, तो कसला गप्प बसतोय.

"एक ठिकाण राहिलंय," ते म्हणाले. "तिथे आईची बोटं आहेत. आज पुसणार आहेत त्या."

लेकीचा चेहरा मिटला. "बाबा, म्हणूनच म्हटलं होतं मी. राहू दे ना मग. कशाला ओढूनताणून द्यायचं मला." मोजपट्टी ती पर्समधे टाकू लागली.

मी मधे पडले. लोकांच्या घरच्या गोष्टीत मी पडत नाही, म्हणजे क्वचितच पडते, वर्षातून पाच-सहा वेळा. "रुंदी तरी घेऊन ठेवा," मी म्हटलं. "आलाच आहात तर. मी इकडचं टोक धरते, तुम्ही खाली बसून कडेखालून धरा. वरून धरलं तर रंगाला लागेल."

रंगाला काहीही लागत नव्हतं, तो कालच खडखडीत वाळला होता. वन्संनी माझ्याकडे बघितलं आणि ऐनवेळी आकड्यावरचा ब्रश सारखा करायला वळल्या.

लेक खाली बसली, गुडघे टेकून. तशी बसल्यावर तिची उंची सात वर्षांच्या पोरीएवढी झाली. मोजपट्टीचं टोक घेऊन तिने हात खाचेत घातला. मग दुसराही हात घातला. तो घालायला कुणी सांगितलं नव्हतं. मोजपट्टी सुटून खाली पडली आणि सर्रकन गुंडाळली गेली. तिने ती उचलली नाही. ती तशीच कडेला धरून समोर आरशात बघत राहिली, आणि तिची मान आपोआप थोडी मागे गेली, कुणीतरी वेणी धरल्यासारखी.

"बाबा, ही आईची नाहीत," ती म्हणाली.

"तिचीच आहेत. बारीक होती तिची."

"माझी आहेत. आई वेणी घालायची ना शाळेत जाताना. केवढी ओढायची. मी रडायला लागले की म्हणायची, टेबल धर घट्ट. मी धरायचे. डोक्याला हात लावून बघायचे संपली का वेणी, आणि त्याच तेलकट हातांनी पुन्हा धरायचे." तिला हसू फुटलं. "ती मागे ओढायची, मी टेबल पुढे ओढायचे. टेबल यायचं की हो खरंच. आई म्हणायची, आता हे पण येतंय वाटतं शाळेत, याचं दप्तर कुठाय."

घड्याळवाले भिंतीला टेकले. "पुढे यायचं?"

"दोन बोटं तरी."

"रोज?"

"रोजच वेणी असायची ना बाबा. चौथीत केस कापले तोवर."

घड्याळवाल्यांच्या डोक्यात काटे फिरलेले आम्हाला दिसले. "मी रबरं लावली होती," ते म्हणाले. "नळी लावली होती फरशीला."

"मला आठवतंय. तुम्ही नळी घेऊन पालथे पडला होता आणि आई दारात उभी राहून पदर तोंडाला लावून हसत होती. मला म्हणाली, सांगू नकोस."

"तिला माहीत होतं?"

"बाबा, ओढत तीच होती."

घड्याळवाल्यांनी सावकाश विचारलं, "म्हणजे तिचं असं काही राहिलंच नाही यात?" कालपासून धरलेला हात सोडावा लागणाऱ्या माणसाचा तो आवाज होता. लेकीने जागचं न उठता मागे हात केला आणि त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं, आपल्या शेजारी. मोठा देह, बसायला वेळ लागला.

"तेल कुणी लावलेलं?" ती म्हणाली.

दोघं त्या आरशात बघत बसली. लेकीला दवाखान्यात उशीर होत होता. आमच्या घड्याळात सव्वानऊ झाले होते, आणि ते बरोबर होतं.

जाताना तिने वन्संना सांगितलं की ते तसंच ठेवा.

"तसंच ठेवता येणार नाही," वन्सं म्हणाल्या. "कडा सुटत जातील, वर्षभरात सगळा रंग उतरेल. ठिपक्यांच्या कडा सारख्या करते आणि वरून पारदर्शक वॉर्निशचा हात देते. आतलं दिसत राहील, सुटणार नाही. वाकून बघेल त्यालाच दिसेल."

"कोण बघणार वाकून," लेक म्हणाली, पण म्हणताना पुन्हा एकदा वाकली.

ती दोघं गेल्यावर वन्संनी सर्वांत बारीक ब्रश घेतला आणि दोन तास त्या आठ ठिपक्यांना दिले. इतका वेळ त्यांनी वकीलसाहेबांच्या फुलांनाही दिला नव्हता. मी वही उघडून बसले. बराच वेळ पेन हातात धरून मग म्हटलं, "वन्सं, ती खाच मी धुतलीच नव्हती. खूण आधी केली होती."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"काल. पट्टी निघाली तेव्हा. सोड्याचं पाणी तिथे गेलं असतं तर खालच्या बिनरंगी फळीवर ओघळ असते." ब्रश थांबला नव्हता. "अकरा वर्षं तू खूण आधी करतेस, वहिनी. मी तुझ्यामागून पुसून घेते. या खेपेला माझंही खाली वाकायचं राहिलं."

अकरा वर्षं कोऱ्या रकान्याचा हिशेब मी एकटीने ठेवते अशी माझी समजूत होती.

"मग तक्रारीत काय लिहू?"

त्यांनी विचार केला. "लिही, रंग सुटला, आठ ठिकाणी. गिऱ्हाइकाने टेबल परत केलं नाही."

गुरुवारी टेम्पो आला. टेबल चढवताना घड्याळवाले प्रत्येक पायाला हात लावत होते, चालकाला सूचना देत होते, आणि चालक ऐकून न ऐकल्यासारखं करत होता. टेबल चादरीत गुंडाळून बांधून झालं. लेक पुढे बसली. तेवढ्यात घड्याळवाल्यांना आठवलं.

"ताई, ती रबरं?"

वन्संनी खिळ्यांच्या डब्यातून चार तुकडे शोधून काढले, फडक्याने पुसून दिले. ते त्यांनी खिडकीतून लेकीच्या हातात ठेवले.

"आता कोण ओढणार आहे, बाबा."

"तरी लाव."

तिने ती पर्समधे ठेवली. नुसती टाकली नाहीत, आतल्या कप्प्यात ठेवली आणि चेन लावली. टेम्पो कोपऱ्यावर वळेपर्यंत घड्याळवाले उभे होते. मग ते आमच्या दुकानात आले, स्टूल घेतलं, घड्याळाखाली ठेवलं आणि त्यावर न चढता त्याच्यावर बसले.

"मागे पडतंय का?" मी विचारलं.

"बघतो जरा वेळ," ते म्हणाले.

वन्संनी या वेळी वही दाखवली नाही. चहा ठेवला.